कोरड्या पाषाणाचं ब्रह्मज्ञान

मागच्या महिन्यात या सदरात मी वाचकांना विचारलं होतं : समोरच्याच्या बोलण्यात काहीतरी चुकतंय हे जाणवतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही आणि आपण गप्प बसतो, असं तुमचं कधी झालंय का? पत्रं खूप आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण बहुतेक पत्रांत घरातलंच माणूस आहे.

प्रश्न : बाई, माझे यजमान वीस वर्षं सिगारेट ओढतात. मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याच्या दप्तरात पाकीट सापडलं तेव्हा ते त्याला रागावले. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही स्वतः ओढता आणि मला सांगता?" हे निरुत्तर झाले. वर त्याने आणखी ऐकवलं, की पणजोबा रोज ओढायचे आणि नव्वद वर्षं जगले. मुलगा चुकतोय हे मला कळतं, पण तो म्हणतो त्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग चूक कुठे आहे?

उत्तर : "दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत" असं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. तर्कदोष म्हणजे खोटं बोलणं, असा समज मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी पहिल्याच दिवशी खोडून काढत असे. तर्कदोषात एकेक विधान अगदी खरं असू शकतं. चूक असते ती 'म्हणून' या शब्दात. बाबा ओढतात, हे खरं. *म्हणून* ओढणं घातक नाही? या दोन गोष्टींना जोडणारं काहीच नाही.

आपल्याकडे म्हण आहे : लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मला आवडते, पण तिचा वापर आपण चुकीचा करतो. ती बोलणाऱ्या माणसाबद्दल निवाडा देते. तो जे सांगतो त्याबद्दल ती काहीच म्हणत नाही. पाषाण कोरडा असला तरी त्याच्या तोंडचं ब्रह्मज्ञान खोटं ठरत नाही.

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉल स्वतः ओढत असत आणि हाती येणारे आकडे पाहून त्यांनी तो अभ्यास चालू असतानाच ओढणं सोडलं. समजा, सोडलं नसतं. तर त्या रुग्णांचे आकडे बदलले असते का? एवढा एकच प्रश्न मुलाला विचारा आणि उत्तरासाठी थांबा.

आता पणजोबा. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यातलं प्रत्येक शीत त्याच पाण्यात, त्याच आचेवर, तेवढाच वेळ शिजलेलं असतं. माणसं अशी एका भांड्यात शिजलेली नसतात. एक माणूस नव्वदीला पोचला यावरून एवढंच कळतं, की नव्वदीला पोचणं अशक्य नाही. किती जण पोचतात, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर उपलब्ध आहे. डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पुढे ५० वर्षं ब्रिटनमधल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा घेतला. जन्मभर सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षं आधी वारले. १९९०च्या दशकातल्या मृत्युदरांनुसार सत्तर वर्षांच्या माणसाने नव्वदी गाठण्याची शक्यता न ओढणाऱ्यांत शंभरात ३३ होती, ओढणाऱ्यांत शंभरात ७. तुमच्या घरातले पणजोबा अशा सातांपैकी एक म्हणायचे. त्या शंभरांतले उरलेले ९३ कुणाच्याच घरच्या वादात उदाहरण म्हणून येत नाहीत. लवकर गेलेल्या माणसाची गोष्ट पणतवंडांपर्यंत पोचतच नाही. म्हणून घरोघरी दीर्घायुषी धूम्रपान करणाऱ्यांच्या कथा भरपूर असतात.

एक गोष्ट मात्र मुलाच्या बाजूने सांगायला हवी. "तुम्हाला रागावण्याचा अधिकार आहे का?" असं त्याला म्हणायचं असेल, तर तो प्रश्न रास्त आहे. फक्त तो सिगारेटबद्दलचा प्रश्न नाही, बाप-लेकाच्या नात्याबद्दलचा आहे. दोन्ही वाद एकाच वेळी चालू होते म्हणून यजमान निरुत्तर झाले. त्यांनी आधी कबूल करावं, "हो, मी ओढतो, आणि हे माझं चुकलंय." तेवढं म्हटलं की तो मुद्दा संपतो आणि दुसऱ्यावर बोलता येतं. त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा त्यांच्यासाठी : पन्नाशीत सोडणाऱ्यांनाही आयुष्यातली सुमारे ६ वर्षं परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना ९.

प्रश्न : माझे दीर सर्दी झाली की 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतात आणि सगळ्यांना घ्यायला लावतात. म्हणतात, "मी घेतो आणि पाच-सहा दिवसांत ठणठणीत होतो. आणि हे मी नाही, दोन नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाने सांगितलंय." नोबेलपुढे मी काय बोलणार?

उत्तर : पाच-सहा दिवसांचं आधी बघू, ते सोपं आहे. साधी सर्दी बहुतेकांची आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. दीर गोळी सुरू करतात ते त्रास वाढल्यावर, म्हणजे उताराला लागायच्या बेतात असताना. त्या क्षणी त्यांनी काहीही केलं असतं तरी "त्यानंतर बरं वाटलं" हे खरंच ठरलं असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. त्यांना विचारा, "गोळी न घेता किती दिवस लागले होते?" हे त्यांनी कधी मोजलेलं नसणार.

दुसरा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि मला त्यात दिरांबद्दल सहानुभूती आहे. ते ज्यांच्याबद्दल बोलतात ते लायनस पॉलिंग. १९५४चं रसायनशास्त्राचं आणि १९६२चं शांततेचं, अशी दोन नोबेल त्यांना मिळाली, दोन्ही एकट्यांना. १९७० साली त्यांनी सर्दी आणि 'क' जीवनसत्त्वावर पुस्तक लिहिलं. पुढे कितीतरी चाचण्या झाल्या. सर्वसाधारण लोकांत रोज गोळी घेतल्याने सर्दी होण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. नियमित घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर आटोपली, एवढंच. आणि तीही आधीपासून रोज घेणाऱ्यांची. सर्दी झाल्यावर सुरू करण्याचा भरवशाचा फायदा दिसला नाही.

तर पॉलिंग यांचा हवाला देणं हा तर्कदोष आहे का? जाणकाराचं ऐकणं हा दोष नसतो. आपण ते रोज करतो आणि करायलाच हवं. हाडाचा फोटो मला वाचता येत नाही, डॉक्टर सांगतात ते मी मानते. पण मी मानते कारण त्या डॉक्टरांनी हाडांचाच अभ्यास केलेला असतो, त्यांच्यासारखे दुसरे डॉक्टर तोच फोटो पाहून बहुधा तेच सांगतील, आणि तपासायचं ठरवलं तर फोटो समोर असतो. पॉलिंग रेणूंची रचना सांगत तेव्हा त्यांचा शब्द असा वजनदार होता. सर्दीच्या बाबतीत त्यांच्यामागे चाचण्यांचा आधार उभा राहिला नाही. मोठ्या माणसाचं मोठेपण एका विषयातून दुसऱ्या विषयात आपोआप जात नाही. दिरांना "तुमचा शास्त्रज्ञ चुकला" असं म्हणू नका, ते बिथरतील. "त्यांच्यानंतर कुणी तपासून पाहिलं का?" असं विचारा.

प्रश्न : कार्यालयात एक महत्त्वाची फाइल गहाळ झाली. चौकशीत साहेब म्हणाले, "खोटं बोलणारा माणूस नजर चोरतो. तुम्ही माझ्या नजरेला नजर देत नव्हता. म्हणजे तुम्ही खोटं बोलताय." मी लहानपणापासून कुणाच्याच डोळ्यांत बघून बोलू शकत नाही. नंतर फाइल सापडली. साहेबांनी माफीही मागितली. पण त्यांच्या वाक्याला त्या वेळी काय उत्तर द्यायचं होतं, हे मला अजून सुचत नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. असं वाक्य ऐकून घ्यावं लागणं फार क्लेशाचं असतं, कारण ते ऐकायला अगदी चोख तर्कासारखं वाटतं.

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, हे आपल्या न्यायदर्शनातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, अनुमानाचं ठरलेलं उदाहरण. जिथे धूर तिथे आग, हे खरं. पण नैयायिकांनी, म्हणजे त्या शास्त्राच्या पंडितांनी, लगेच उलटा प्रश्न विचारला : जिथे आग तिथे धूर, असंही म्हणता येईल का? आणि उत्तरादाखल त्यांनी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे ठेवला. आग आहे, धूर नाही. धूर यायला सरपण ओलं असावं लागतं. या लपून राहिलेल्या अटीला त्यांनी 'उपाधी' असं नाव दिलं. एका दिशेने जाणारी वाट उलट्या दिशेनेही जाते असं गृहीत धरलं, की माणूस फसतो.

साहेबांचं वाक्य मान्य केलं, की खोटं बोलणारे सगळे नजर चोरतात, तरी त्यावरून नजर चोरणारे सगळे खोटं बोलतात असं निघत नाही. संकोची माणूस नजर चोरतो, घाबरलेला चोरतो, साहेबासमोर उभा केलेला निरपराध माणूस तर हमखास चोरतो. "सर, खोटं न बोलताही नजर खाली जाते की नाही?" एवढं विचारता आलं असतं.

शिवाय मुळातलं वाक्यही टिकत नाही. नजर चोरणं ही खोटेपणाची भरवशाची खूण नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे. सराईत खोटं बोलणारा डोळ्यांत डोळे घालून बोलतो. पण मी आधी वाटेबद्दल बोलले, कारण वाट चुकलेली असेल तर सुरुवातीच्या विधानावर वाद घालावाच लागत नाही. तुम्हाला त्या दिवशी सुचलं नाही याची बोच ठेवू नका. आरोप झालेल्या माणसाला त्या क्षणी तर्क सुचणं अवघडच असतं. विचारणाऱ्याने तो आधी करायचा असतो.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची. मी म्हटलं, रात्री अकरानंतर फोन बाहेरच्या खोलीत ठेवत जा. ती म्हणाली, "म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वासच नाही!" मी म्हटलं, "आज फोन, उद्या अभ्यास बंद, परवा वर्ष वाया, मग आयुष्य वाया." त्यानंतर दोन दिवस अबोला. तिने ध चा मा केला ना?

उत्तर : केला. तुम्ही फोन कुठे ठेवायचा ते बोललात, तिने विश्वासाबद्दल उत्तर दिलं. न्यायशास्त्रात याला 'छल' म्हणतात, आणि त्याचं जुनं उदाहरण मजेदार आहे : कुणी म्हणतो, "हा नवकंबल आहे", म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. समोरचा म्हणतो, "नऊ कुठे आहेत? मला एकच दिसतंय."

पण तुमच्या साखळीचं काय? फोनपासून वाया गेलेल्या आयुष्यापर्यंत चार पायऱ्या तुम्ही एका दमात उतरलात. अशी साखळी नेहमीच चूक असते असं नाही. रात्री फोन, त्यामुळे झोप कमी, त्यामुळे सकाळी वर्गात लक्ष लागत नाही, ही कडी दाखवता येते. जितक्या कड्या दाखवता येतील तितक्याच बोलायच्या. पुढच्या कड्या भीतीच्या होत्या आणि मुलीने नेमक्या त्याच ऐकल्या.

अबोला सुटला की एक करून पाहा. तिचं म्हणणं तुम्ही तिला परत सांगा आणि "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं तिने म्हणेपर्यंत थांबा. मग तिने तुमचं सांगावं. जुन्या वादसभांत हा नियमच होता. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, वाद हरल्याच्या ज्या २२ खुणा दिल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात, त्यांतली एक 'अननुभाषण' : प्रतिपक्षाचं म्हणणं सभेला कळलं, तीनदा सांगून झालं, तरी ते ज्याला परत मांडता येत नाही तो हरला.

प्रश्न : मी महाविद्यालयात आहे. गेल्या वर्षी तर्कदोषांची मोठी यादी पाठ केली. आता कुणी काही बोललं की त्यात कोणता दोष आहे ते मला लगेच दिसतं आणि मी सांगते. परवा माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने एकाच ऐकीव अनुभवावरून भलामोठा निष्कर्ष काढला, वर भावनेला हात घातला, आणि तिसरा पर्यायच नाही असं भासवलं. मी तिन्ही दोष नावांसकट दाखवले. ती उठून गेली. मी तर्काने बरोबर होते. मग वाईट का वाटतंय?

उत्तर : तुझ्या वयाची असताना मी हेच करत होते, म्हणून तुला 'तू' म्हणते.

मी नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. माझा धाकटा भाऊ एकदा घरी येऊन म्हणाला, "ताई, बाबा फार पाणी पितात. रात्री चार-चार वेळा उठतात. माझ्या मित्राच्या वडिलांचं असंच होतं, त्यांना मधुमेह निघाला. बाबांचं रक्त तपासून घेऊ." मी त्या दिवशी उत्तरपत्रिका तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "एका माणसावरून नियम करतोस. हा शुद्ध तर्कदोष आहे." तो बरोबर उत्तर देऊ शकला नाही. बाबा हसले, त्यांना तपासणी नकोच होती. पाच महिन्यांनी बाबांच्या पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात नेलं, तेव्हा रक्तातली साखर कळली. पायाचं एक बोट काढावं लागलं.

भावाचा युक्तिवाद कच्चा होता, हे मी आजही म्हणेन. एका मित्राच्या वडिलांवरून काहीच सिद्ध होत नाही. पण युक्तिवाद कच्चा आहे यावरून निष्कर्ष खोटा आहे असं मी धरलं, आणि हाच माझा तर्कदोष होता, त्याच्यापेक्षा मोठा. "तुझं कारण पुरेसं नाही" यातून फक्त "म्हणून आपल्याला अजून माहीत नाही" इतकंच निघतं. आणि माहीत नसेल तर रक्त तपासायचं असतं. खूप तहान लागणं आणि वारंवार लघवीला होणं ही मधुमेहाची नेहमीची लक्षणं आहेत, हे कुठल्याही डॉक्टरने एका वाक्यात सांगितलं असतं. भावाला ते कारण मांडता आलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

मोठ्या माणसांच्या हातूनही हे झालं आहे. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंडं सरकतात असं मांडलं. ती कशामुळे सरकतात याची त्यांनी दिलेली कारणं फार दुबळी होती. इतकी मोठी खंडं हलवण्याइतका त्या बलांत जोर नाही, हे विरोधकांचं म्हणणं बरोबरच होतं. पण कारण पाडलं म्हणजे सिद्धांत पडला असं बहुतेकांनी धरलं, आणि ते हवामानशास्त्रज्ञ आहेत, भूगर्भातलं त्यांना काय कळतं, असंही ऐकवलं. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत वारले. खंडं खरोखर सरकतात हे १९६०च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासातून पक्कं झालं.

तू जी यादी पाठ केलीस ती फेकून देऊ नकोस. ती चांगली आहे. पण तिचा पहिला वापर स्वतःच्या बोलण्यावर कर, तिथे दोष शोधणं खूप अवघड जातं. न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो 'वाद'. जिंकण्यासाठी करतात तो 'जल्प'. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडतात ती 'वितंडा'. दोषांची नावं घेत राहिलं की माणूस नकळत तिसऱ्या प्रकारात जाऊन बसतो, कारण त्यात आपल्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही. मी सहा वर्षं तिथे बसले होते.

तुझं पत्र पुन्हा वाचून बघ. मैत्रिणीने केलेले तीन दोष त्यात ओळीने, नीट मांडलेले आहेत. ती नेमकं काय म्हणत होती, ते मात्र पत्रात कुठेही नाही. तिला आज फोन कर आणि ते विचार.